शेक्सपिअरचा कर्जदार

२८ जानेवारी १८०५ या दिवशी लंडनमध्ये एका लॉटरीची सोडत झाली. तिकिटे बावीस हजार होती, दर तिकिटाला तीन गिनी, आणि झाडून सगळी तिकिटे खपलेली होती. पहिले बक्षीस मात्र रोख रकमेचे नव्हते. पॅल मॅल या प्रतिष्ठित रस्त्यावरची एक देखणी इमारत, तिचा शिल्लक भाडेपट्टा आणि तिच्या भिंतींवर टांगलेली दीडशेहून अधिक तैलचित्रे, असे ते बक्षीस होते. जवळजवळ सगळी चित्रे एकाच नाटककाराच्या नाटकांमधल्या प्रसंगांवर काढलेली होती. तो नाटककार म्हणजे अर्थातच शेक्सपिअर.

ही चित्रे ज्याने काढून घेतली, त्यांच्यासाठी ही इमारत ज्याने उभारली आणि ती फेडताना ज्याला अखेर पार्लमेंटच्या दारात उभे राहावे लागले, तो जॉन बॉयडेल ही सोडत पाहायला नव्हता. दीड महिना आधीच, १२ डिसेंबर १८०४ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले होते. चित्रविक्रीच्या धंद्यात त्याच्याएवढे मोठे नाव त्या काळी युरोपात दुसरे नव्हते. लंडन शहराचे मेयरपद त्याने भूषवले होते. तरीही आज त्याचे नाव निघते ते या एका बुडालेल्या उपक्रमामुळे.

बॉयडेलचा जन्म इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या श्रॉपशरमधला, १७२० सालच्या जानेवारीतला. बाप जमिनीची मोजणी करणारा. सात भावंडांत हा थोरला, म्हणजे बापाची साखळी पुढे ओढायची ती यानेच, असे घरात गृहीत धरलेले. पुढे कुटुंब वेल्सच्या सीमेवरच्या हॉर्डन गावी गेले. तिथे एक दिवस या तरुणाच्या हाती एक छापचित्र आले. गावातल्याच जुन्या किल्ल्याचे ते चित्र होते आणि विल्यम हेन्री टॉम्स नावाच्या लंडनच्या कोरीवकाराने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले होते. जो किल्ला आपण रोज पाहतो तो कागदावर असा उतरू शकतो, ही गोष्ट त्याच्या मनात इतकी भरली की मोजणीचे काम सोडून त्याने लंडन गाठले आणि त्याच टॉम्सकडे उमेदवारी धरली. वय वीस-एकवीस. उमेदवारीसाठी हे वय जरा जास्तच. बरोबरची पोरे चौदा-पंधराची असायची.

सहा वर्षे त्याने तिथे राब राब राबून काढली. दिवसभर तांब्यावर कोरायचे आणि जमेल तेव्हा सेंट मार्टिन्स लेनच्या शाळेत जाऊन चित्रकला शिकायची. उमेदवारीचे शेवटचे वर्ष त्याने पैसे भरून सोडवून घेतले आणि स्वतःचे दुकान थाटले. पहिला माल होता सहा निसर्गदृश्यांचा एक छोटा संच. प्रत्येक दृश्यात कुठे ना कुठे एखादा पूल होता. किंमत एक शिलिंग. या लहानशा पुस्तकानेच त्याला धंद्यात पाय रोवू दिले. आपण फार मोठे कलावंत नाही हे बॉयडेलने फार लवकर ओळखले. आपल्या हातात आहे त्यापेक्षा अधिक कसब आपल्या नजरेत आहे, हे ज्याला तिशीच्या आत कळते तो माणूस चांगला व्यापारी होतो.

त्या काळचा बाजार समजून घेतल्याशिवाय बॉयडेलची कर्तबगारी लक्षात यायची नाही. तैलचित्र एकच असते आणि ते श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. सामान्य माणसाच्या भिंतीवर येते ती त्याची छापील प्रत. ती करायची तर एखाद्या कसबी कोरीवकाराने ते चित्र समोर ठेवून तांब्याच्या पत्र्यावर रेघ रेघ उतरवायची. मोठ्या चित्राला यात वर्ष, दोन वर्षेही जात. मग त्या पत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि पत्रा झिजला की प्रती पुसट होत. चित्रकार विल्यम होगार्थ याच्या खटपटीमुळे १७३५ साली इंग्लंडमध्ये अशा छापचित्रांना कायद्याचे संरक्षण मिळाले होते. पण चांगला माल येत होता तो फ्रान्समधून. इंग्रज व्यापारी रोख पैसे मोजून फ्रेंच छापचित्रे आणीत. इंग्रजी छापचित्र पॅरिसमध्ये कोणी विचारीत नसे.

१७६१ साली बॉयडेलने हा उलटा व्यवहार सुलटा करायचे ठरवले. रिचर्ड विल्सन या चित्रकाराचे नायोबीच्या मुलांच्या संहाराचे चित्र त्याने विल्यम वुलेटकडून कोरून घेतले आणि त्यासाठी वुलेटला सुमारे शंभर पौंड दिले. इतके पैसे इंग्लंडमध्ये कोरीवकाराला कोणी देत नसे. बाजाराने त्याला वेड्यात काढले असेल. पण पाच शिलिंगांना एक या दराने ती प्रत एवढी खपली की बॉयडेलच्या पदरात दोन हजार पौंडांची कमाई पडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या बदल्यात रोख रकमेऐवजी ही प्रत घ्यायला सुरुवात केली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पारडे पुरते फिरले. आयात रोडावली, निर्यात वाढली. बेंजामिन वेस्टच्या जनरल वुल्फच्या मृत्यूच्या चित्रावरून वुलेटनेच कोरलेली आणि १७७६ साली निघालेली प्रत तर युरोपभर गेली. १७९० पर्यंत तिने बॉयडेलला सुमारे पंधरा हजार पौंड मिळवून दिले असे सांगितले जाते.

पैशाबरोबर मान आला. १७८२ मध्ये तो लंडन शहराचा आल्डरमन झाला, १७८५ मध्ये शेरीफ आणि १७९० मध्ये लॉर्ड मेयर. मूलबाळ नव्हते. जोशाया नावाचा पुतण्या हाताशी घेतला होता, तोही चित्रकार आणि धंद्यातला भागीदार. चीपसाइडच्या पेढीवर यश नांदत होते. साठी उलटून गेली होती. अशा वेळी शहाणा माणूस नवे काही काढत नाही. असलेले सांभाळतो.

*

नोव्हेंबर १७८६ मध्ये जोशायाच्या हॅम्पस्टेडच्या घरी काही मंडळी जेवायला जमली. चित्रकार बेंजामिन वेस्ट आणि जॉर्ज रॉम्नी होते, कवी विल्यम हेली होता, राजाचा ग्रंथविक्रेता जॉर्ज निकोल होता. गप्पांमध्ये विषय निघाला की इंग्रजांना माणसांची तोंडे रंगवता येतात, पण इतिहासातले आणि काव्यातले भव्य प्रसंग रंगवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे परके लोक म्हणतात. हा कलंक धुऊन काढावा असे बॉयडेलच्या मनात होतेच. प्रसंग कुठले घ्यायचे, याला टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे उत्तर एकच आले. ग्रीकांकडे होमर असेल, आपल्याकडे शेक्सपिअर आहे.

कल्पना कोणाची यावर पुढे बरेच वाद झाले. कर्ज मात्र कोणाचे यावर कधी वाद झाला नाही.

ही योजना तिपेडी होती. इंग्लंडमधल्या उत्तमोत्तम चित्रकारांकडून शेक्सपिअरच्या नाटकांतले प्रसंग तैलरंगात काढून घ्यायचे. ती चित्रे एका खास दालनात कायमची मांडायची. आणि त्यांच्यावरून छापचित्रे कोरून एक मोठा चित्रसंच काढायचा, शिवाय जॉर्ज स्टीव्हन्स या विद्वानाने संपादित केलेली नाटकांची सचित्र आवृत्ती काढायची. खर्च व्हायचा दालनावर आणि चित्रांवर. परतफेड यायची ती छापचित्रांच्या वर्गणीतून.

नाटकातला प्रसंग चित्रात आणणे ही गोष्ट काही बॉयडेलने शोधून काढलेली नव्हती. १७४५ च्या सुमारास होगार्थने डेव्हिड गॅरिक या नटाचे तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतले चित्र काढले होते. तंबूत भयानक स्वप्नातून दचकून उठलेला राजा त्यात आहे, आणि त्याचे होगार्थला दोनशे पौंड मिळाले होते. जोहान झोफनी गॅरिकच्या नाटकांची दृश्ये हुबेहूब उतरवायचा. पुढे हाच झोफनी हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्यात व लखनौला साहेबांची आणि नवाबांची चित्रे काढून गबर होऊन परतला. परंतु या चित्रांमध्ये प्रेक्षक पाहायचा तो नटाला. रिचर्डच्या पलीकडे गॅरिकच दिसायचा. कपडे रंगभूमीचे, उजेड रंगभूमीचा, हातवारेही तिथलेच.

बॉयडेलच्या चित्रकारांना नट नको होता. त्यांना नाटक हवे होते. आणि इथे एक मोठा प्रश्न उभा राहिला. शेक्सपिअरचे शब्द कानांसाठी आहेत. ते डोळ्यांना दाखवायचे कसे?

जेम्स नॉर्थकोटने त्याचे एक उत्तर दिले. तिसऱ्या रिचर्डच्या नाटकात टॉवरमध्ये झोपलेल्या दोन कोवळ्या राजपुत्रांचा खून होतो, पण तो रंगमंचावर होत नाही. खून करवणारा माणूस येऊन त्याची हकिगत सांगतो, एवढेच. नॉर्थकोटने नेमका तोच क्षण रंगवला. एकमेकांना बिलगून झोपलेली पोरे आणि त्यांच्यावर वाकलेले मारेकरी. रंगभूमी जे पडद्याआड ठेवते ते चित्राने पुढे आणले. जेम्स बॅरीने कॉर्डिलियाचे प्रेत हातांवर घेतलेला लियर काढला आणि मागे आदिम काळातल्या उभ्या शिळांचे वर्तुळ दाखवले. अशी उभारणी तेव्हाच्या कुठल्याच नाटकगृहाला झेपली नसती. हेन्री फ्यूझली तर स्वप्नांचाच माणूस. मिडसमर नाइट्स ड्रीममधली गाढवाच्या डोक्याच्या बॉटमला कुरवाळणारी टायटानिया आणि तिच्या भोवतीचा चिमुकल्या पऱ्यांचा घोळका त्याने असा रंगवला की पाहणाऱ्याला गंमतही वाटावी आणि थोडी भीतीही.

पण हेच उत्तर दुसऱ्याच्या अंगावर उलटले. सर जोशुआ रेनॉल्ड्स हा त्या वेळचा सर्वांत मानाचा चित्रकार, रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष. एका छापचित्रवाल्यासाठी कुंचला धरायला तो आधी तयार नव्हता. बॉयडेलने पाचशे पौंडांची हुंडी त्याच्याकडे ठेवून दिली आणि विषय, आकार, वेळ सगळे त्याच्यावर सोपवले, अशी हकिगत सांगतात. रेनॉल्ड्सने मग तीन चित्रे दिली. त्यातले एक सहाव्या हेन्रीच्या नाटकातल्या कार्डिनल बोफर्टच्या मृत्यूचे होते. मरणाऱ्या पाप्याच्या मनाला सैतान ग्रासून बसला आहे अशा अर्थाचे शब्द नाटकात येतात. रेनॉल्ड्सने उशीजवळच्या अंधारात खरोखरच दात विचकणारा एक पिशाच्चाचा चेहरा रंगवला. टीकाकार तुटून पडले. जी उपमा होती तिला तुम्ही देह कसा दिलात, असा त्यांचा सवाल होता. पुढे छापचित्राच्या पत्र्यावरून तो चेहरा पुसून टाकण्यात आला. शब्द आणि रंग यांच्यातली सीमारेषा कुठे आहे, याचा एवढा स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

*

४ मे १७८९ रोजी शेक्सपिअर गॅलरी उघडली. इमारतीचा आराखडा धाकट्या जॉर्ज डान्सचा होता. दर्शनी भागावर टॉमस बँक्स या शिल्पकाराने कोरलेले उठावशिल्प बसवले होते. मध्ये शेक्सपिअर आणि दोन्ही बाजूंना चित्रकला व काव्य. पहिल्या दिवशी भिंतींवर चौतीस चित्रे होती. आत जायला एक शिलिंग. लंडनमध्ये तेव्हा राष्ट्रीय चित्रसंग्रहालय नव्हते. नॅशनल गॅलरी निघायला अजून पस्तीस वर्षे अवकाश होता. मोठी चित्रे पाहायची तर सरदारांच्या वाड्यांमध्ये ओळख काढावी लागे किंवा रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनाची वाट पाहावी लागे. इथे शिलिंग टाकला की झाले. लोकांनी गर्दी केली. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. त्या वर्षी अकॅडमीच्या मेजवानीत बॉयडेलच्या नावाने पेले उंचावले गेले. दरवर्षी नवी चित्रे येत गेली आणि संख्या दीडशेच्या पुढे गेली.

कौतुकाबरोबर निंदाही आली. दालन उघडून दीड महिना होतो न होतो तोच जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने एक जहरी चित्र काढले. बॉयडेल धनलोभाच्या मूर्तीपुढे शेक्सपिअरच्या नाटकांची होळी करतो आहे आणि धुरात त्याच्याच दालनातल्या चित्रांमधली पात्रे तरंगताहेत. गिलरे स्वतः उत्तम कोरीवकार होता आणि या योजनेत त्याला काम मिळाले नव्हते, हे लंडनला ठाऊक होते. १७९१ मध्ये कोणीतरी दालनातली काही चित्रे धारदार हत्याराने फाडली, तेव्हा ती बॉयडेलनेच जाहिरातीसाठी फाडली असे सुचवायलाही गिलरेने कमी केले नाही. डर्बीचा जोसेफ राइट मानधनावरून भांडला. मला दुसऱ्या रांगेत का बसवता, अशी त्याची तक्रार. पुढे चार्ल्स लॅमसारख्या वाचकवेड्या निबंधकाराने वेगळेच दुःख बोलून दाखवले. प्रत्येकाच्या मनात त्याची त्याची ज्युलिएट असते, या चित्रांनी तिला एकच तोंडवळा चिकटवून टाकला, असा त्याचा सूर होता. नाटकावरून चित्रपट काढला की आपण आजही हीच कुरकुर करतो.

या टीकेने मात्र बॉयडेल बुडाला नाही. तो बुडाला तो हिशेबात. मी आयुष्याची पस्तीसेक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली, म्हणून हा भाग जरा सविस्तर मांडतो.

समजा, हा प्रस्ताव घेऊन बॉयडेल समोर येऊन बसला असता. अर्जदार सचोटीचा, चाळीस वर्षांचा धंदा, बाजारात पत उत्तम, मालाला देशात आणि परदेशात मागणी. कोणीही सही केली असती. पण तीन गोष्टी खटकायला हव्या होत्या. पहिली, पैसा अडकण्याचा काळ. चित्रकाराला आज पैसे द्यायचे, इमारतीला आज द्यायचे, कोरीवकाराला आज द्यायचे. मोठ्या पत्र्यांच्या कामाला तर चित्रकाराहून कोरीवकाराला अधिक द्यावे लागत. वर्गणीदाराचा पैसा मात्र हप्त्याहप्त्याने आणि माल हाती पडेल तेव्हा. नाटकांची आवृत्ती पुरी व्हायला १८०२ साल उजाडले, मोठा चित्रसंच १८०३ मध्ये निघाला. म्हणजे सतरा वर्षे खेळते भांडवल खेळायचे थांबले होते.

दुसरी गोष्ट, घाई. वर्गणीदारांची कुरकुर थांबवायला कामाचा वेग वाढवावा लागला. रेघांनी कोरण्याऐवजी ठिपक्यांनी कोरण्याची झटपट पद्धत बऱ्याच पत्र्यांवर वापरली गेली. ठिपक्यांच्या कामात मऊपणा येतो, पण वुलेटच्या रेघेतला दम येत नाही. ज्या माणसाने उत्तम रेघेसाठी शंभर पौंड मोजून नाव कमावले, त्याच्याच छापचित्रांना लोक आता नावे ठेवू लागले. १७९६ पर्यंत आवृत्तीच्या वर्गणीदारांतले दोन-तृतीयांश गळून गेले.

तिसरी गोष्ट कोणाच्याच हातातली नव्हती. दालन उघडले ते १७८९ च्या मे महिन्यात. दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये बॅस्टिल पडली. १७९३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि मधला थोडा विराम सोडला तर ते बॉयडेलच्या मरणापर्यंत चालूच राहिले. त्याच्या पेढीचा मोठा आधार युरोपातली निर्यात हा होता. ती बाजारपेठ एका फटक्यात बंद झाली. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच बाजारावर विसंबलेल्या धंद्याला कर्ज देताना हात आखडता घ्यावा, असे आम्हाला शिकवत. पण १७८६ साली फ्रान्सची बाजारपेठ बुडेल असे कोणत्या तपासनिसाने लिहिले असते?

या काळाने बॉयडेल एकट्यालाच गाठले नाही. विल्यम हॉजेस हा निसर्गदृश्यांचा चित्रकार. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत तो दक्षिण समुद्रात फिरला, नंतर हिंदुस्थानात आला, वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने गंगेकाठची दृश्ये आणि देवळे रंगवली आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. शेक्सपिअर गॅलरीसाठी त्याने ॲज यू लाइक इटमधले रान रंगवले. त्यातली माणसे आणि जखमी हरीण दुसऱ्या चित्रकारांनी घातले. १७९५ मध्ये कंटाळून त्याने चित्रकला सोडली आणि डार्टमथला एका बँकेत भागीदारी घेतली. १७९७ च्या आर्थिक अरिष्टात ती बँक बुडाली आणि त्याच वर्षी हॉजेसही गेला. रंगाचा धंदा बेभरवशाचा म्हणून जो पैशाच्या धंद्यात शिरला, त्याची ही गत झाली. बॉयडेलची नक्कल करून टॉमस मॅकलिनने कवींचे दालन काढले, रॉबर्ट बॉयरने इतिहासाचे, खुद्द फ्यूझलीने मिल्टनचे. एकाच्याही हाती काही लागले नाही. बॉयरलाही शेवटी लॉटरीच काढावी लागली.

*

१८०४ उजाडले तेव्हा बॉयडेलच्या डोक्यावरचे कर्ज चाळीस हजार पौंडांच्या वर गेले होते. वय चौऱ्याऐंशी. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने उघडा होता. धनकोंच्या हाती रुपयातले चार-सहा आणे पडले असते, पुतण्याला नव्याने सुरुवात करता आली असती आणि बिचारा म्हातारा म्हणून लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. त्याने ते केले नाही.

खासगी लॉटरीला इंग्लंडात बंदी होती. ती काढायची तर पार्लमेंटचा खास कायदा लागे. बॉयडेलने एका सदस्यामार्फत अर्ज पाठवला. आपण आणि आपल्या भावंडांनी मिळून या देशातल्या कलेच्या व्यापारात साडेतीन लाख पौंडांहून अधिक घातले, असे त्याने त्यात नोंदवले. आणि एक गोष्ट त्याने लिहिली, जी एरवी कदाचित कोणाला कळलीही नसती. ही सगळी चित्रे तो राष्ट्राला देणार होता. आपल्या मागे शेक्सपिअर गॅलरी विकली जाऊ नये, लोकांची व्हावी, हा त्याचा पहिल्यापासूनचा मनसुबा होता. युद्धाने आणि बाजाराने तो हाणून पाडला, आणि आता दान देण्याऐवजी त्याच चित्रांची सोडत काढायला त्याला परवानगी मागावी लागत होती.

हा अर्ज लिहिताना त्या म्हाताऱ्याला काय वाटले असेल? मेयर असताना त्याच्या हातात शहराच्या चाव्या होत्या. लंडन शहराच्या महापालिकेला त्याने पूर्वी कितीतरी चित्रे भेट दिली होती. देणारा हात कसा असतो हे त्याला ठाऊक होते. मागणारा हात पुढे करण्याची ही पहिलीच वेळ. पण मागतानाही त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. धनकोंची पै न् पै फिटावी एवढेच मागितले.

पार्लमेंटने कायदा केला. लॉटरीची रचनाही एका मुरलेल्या दुकानदाराची होती. प्रत्येक तिकिटावर एक गिनी किमतीचे छापचित्र हमखास मिळणार होते. म्हणजे कोणीच रिकाम्या हाताने जायचे नाही, आणि गोदामातला पडून राहिलेला मालही हलेल. बावीस हजार तिकिटे, दर तिकिटाला तीन गिनी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा हिशेब होतो एकोणसत्तर हजार तीनशे पौंड. शेवटचे तिकीट खपल्याचे बॉयडेलला कळले होते. कर्ज फिटणार याची खात्री झाल्यावरच त्याने डोळे मिटले.

सोडतीत मोठे बक्षीस लागले ते विल्यम टॅसीला. जुन्या कोरीव रत्नांच्या आणि पदकांच्या नकला करून विकणारा हा व्यापारी. जोशाया बॉयडेलने त्याला दहा हजार पौंड देऊ केले आणि चुलत्याची चित्रे परत मागितली. टॅसीने नकार दिला. त्याने मे १८०५ मध्ये ख्रिस्टीच्या लिलावघरात चित्रे काढली. चार दिवस लिलाव चालला. सगळ्या चित्रांचे मिळून आले सहा हजार एकशे एक्याऐंशी पौंड आणि वर काही शिलिंग. चित्रामागे सरासरी चाळीस पौंडही नाहीत. यातल्या एकट्या रेनॉल्ड्सच्या मॅकबेथच्या चित्राला बॉयडेलने हजाराच्या घरातली रक्कम मोजली होती. जोशायाचे दहा हजार नाकारून टॅसीने पावणेचार हजारांचा तोटा ओढवून घेतला, हा हिशेब कोणीही करील. पण खरा तोटा पैशांत मोजता येणारा नव्हता. एकाच छपराखाली, एकाच नाटककाराच्या प्रसंगांनी भरलेल्या भिंती कायमच्या उकलल्या गेल्या. चित्रे वाड्यावाड्यांत विखुरली. कित्येक भलीमोठी होती, ती खोलीत मावेनात म्हणून कापली गेली. कितीतरींचा आज मागमूसही नाही. बॅरीचा लियर आणि फ्यूझलीची टायटानिया लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत, काही चित्रे स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या गावी पोचली.

दालन गेले, छापचित्रे राहिली. पत्रे झिजले, विकले गेले, समुद्रापार गेले. १८५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांची डागडुजी करून त्यांच्यावरून पुन्हा प्रती काढण्यात आल्या. बॉयडेलने दान द्यायला म्हणून जमवलेली चित्रे त्याला देता आली नाहीत. पण ज्या छापचित्रांचा बट्टा त्याच्या नावाला लागला, त्याच छापचित्रांनी ती चित्रे नकळत लोकांच्या हाती सोपवली. जी तैलचित्रे आज कुठेच नाहीत, ती कशी होती हे आपल्याला कळते ते या ठिपक्यांच्या, पुसट, घाईत कोरलेल्या प्रतींवरूनच.

बुडालेल्या कर्जांच्या फायली पाहून पाहून एक गोष्ट माझ्या ध्यानात आलेली आहे. कर्ज बुडवणारे दोन प्रकारचे असतात. काहींची ऐपत जाते, काहींची नियत. फायलीच्या शेवटच्या पानावर दोघांची आकडेवारी सारखीच दिसते. फरक दिसतो तो पत्रव्यवहारात. बॉयडेलचा पार्लमेंटला केलेला अर्ज वाचला की त्याची ऐपत गेलेली दिसते, पण नियत अखेरच्या ओळीपर्यंत शाबूत आहे हेही दिसते. त्याच्या काळातल्या लेखकांनी त्याला कधी स्वप्नाळू म्हटले, कधी लोभी म्हटले. तो व्यापारी होता आणि नफ्याची अपेक्षा ठेवून त्याने हे काम काढले होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण नफा झाल्यावर तो काय करणार होता, ते ठाऊक झाल्यावर गिलरेच्या चित्रातली ती धनलोभाची मूर्ती जरा ओशाळवाणी वाटते.

पॅल मॅलची इमारत लॉटरीनंतर ब्रिटिश इन्स्टिट्यूशन या संस्थेने घेतली. जिवंत चित्रकारांची प्रदर्शने तिथे पुढची साठ वर्षे भरत राहिली, म्हणजे बॉयडेलच्या भिंती अगदीच वाया गेल्या नाहीत. १८६८ मध्ये ती पाडली गेली. दर्शनी भागावरचे बँक्सचे उठावशिल्प तेवढे वाचले. ते स्ट्रॅटफर्डला नेऊन, जिथे शेक्सपिअरचे घर होते त्या न्यू प्लेसच्या बागेत उभे केले आहे. नाटककार मध्ये बसलेला आहे आणि चित्रकला व काव्य दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे वळलेल्या आहेत. ज्याने ते शिल्प घडवून घेतले आणि त्याचे पैसे मोजले, तो लंडनमध्ये, ज्या शहराचा तो मेयर होता त्याच शहरात, कर्जमुक्त होऊन पुरला गेला.